पानेरावाचा उलटा टेंपो

"अहो, माझी सुरी कुठाय?"

"ग्रीस खरवडायला घेतलीय."

"मग भाजी काय आता दातानं चिरू?"

नवरा अंगणात टेंपोखाली उताणा. नुसते पाय बाहेर. पण पायांकडं बघूनच तिला कळायचं, की वरचं डोकं बंद पडलंय. गाव त्याला पानेराव म्हणायचं. घरात चमचा शोधून सापडायचा नाही, नट पिळायचे पाने मात्र उशाखालीसुद्धा.

टेंपोला तसं झालं काहीच नव्हतं. गिअर जरा जड पडायचा. मिस्त्री म्हणाला होता, "घेऊन या, दुपारपर्यंत करतो." पण पानेराव कसले ऐकतात! "त्याला काय दोन डोकी आहेत?" म्हणाले, आणि बसले गिअरबॉक्स खोलून. आता मिस्त्रीला डोकं एकच, पण ते वापरातलं.

तिकडं पडवीत टोमॅटोचे क्रेट रचलेले. ऊन असं, की दगडाला घाम फुटावा. सकाळी बाजार गाठला नाही तर अख्ख्या हंगामाचा लाल चिखल. ती घडीघडी एक टोमॅटो दाबून बघायची. मऊच लागायचा.

"परत बसवायला जमेल ना?"

"अगं, एकेका भागावर खडूनं नंबर टाकलाय. आंधळासुद्धा बसवील!"

टाकले होते खरे. अगदी सुबक अक्षरात. मग त्यानंच सगळे भाग घमेल्यात घातले आणि रॉकेलनं घासून घासून धुतले. असे लख्ख निघाले म्हणता! काळं गेलं, ग्रीस गेलं, नंबरही गेले.

"झालं," ती म्हणाली. "बोलवा आता त्या आंधळ्याला."

दिवस मावळता मावळता गिअरबॉक्स जोडून झाला. ओंजळभर नटबोल्ट उरले.

"कंपनी जास्तीचेच देते," पानेराव म्हणाले.

"हो ना. अक्कल तेवढी मोजून देते." तिनं ते गुपचूप पिशवीत टाकले.

सकाळी क्रेट चढले. टेंपो एका झटक्यात सुरू! पानेरावांनी मिशीवरून हात फिरवला, पहिला गिअर टाकला. टेंपो मागं. दुसरा टाकला. मागंच. कुठलाही टाका, पोरगी सासरी जायला नको म्हणते तसा मागं मागं.

पानेरावांचं तोंड टोमॅटोपेक्षा मऊ पडलं. "आता गं?"

"आता काय? बाजाराकडं पाठ करा, आणि चला."

ती क्रेटांवर चढून बाजाराकडं तोंड करून बसली. "डावीकडं! अहो, तुमची नव्हे, माझी डावी! म्हैस आहे, थांबा! गेली, चला!" लग्न झाल्यापासून पहिल्यांदा नवरा ती सांगेल तसा वळत होता. रस्त्यावरच्या कुत्र्यांना कळेना, भुंकावं कुठल्या बाजूनं. समोरून आलेली बस कडेला थांबली आणि तिच्या ड्रायव्हरनं हात जोडले. खोटं वाटत असेल तर त्या बसलाच विचारा.

बाजाराच्या फाटकात ही गर्दी. जो तो गाडी वळवतोय, मागं घेतोय, एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करतोय. आणि पानेरावांचा टेंपो सरळ उलटा आला, तो थेट माल उतरवायच्या फलाटाला जाऊन टेकला. पहिला माल यांचा उतरला. एकही टोमॅटो फुटला नाही.

"मुद्दामच बसवलाय तसा," पानेराव जमलेल्यांना सांगायला लागले. "वळवायची कटकटच नको!"

एक टेंपोवाला भारावून म्हणाला, "दादा, माझाही देता का बसवून?"

पानेरावांचा हात पान्याकडं गेला. पण मिस्त्री तिथंच चहा पीत उभा होता, आणि बायको त्याच्यासमोर पिशवी उपडी करत होती.

"धरा भाऊ," ती म्हणाली. "दुपारपर्यंत करा. आणि यांना लांब बसवा."