ट्रस्टींच्या दाराबाहेरचा रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. काठाला टवका उडालेला, पोटावर शेवाळाचे हिरवे डाग पडलेला. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मागच्या दाराशी मला टेकवून ठेवलंय. माती कालवायला पाणी लागतं ते माझ्यातून घेतात, आणि कुणाला तहान लागली तर पितातही. माझ्याकडे बघून कुणी नाक मुरडलं तर खुशाल मुरडू दे, मला आता त्याचं काही वाटत नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला फुटायचं नाही.

माझा जन्म रोह्याचा. देश स्वतंत्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. कुंभारवाड्यातल्या हिरामण कुंभारानं माझी माती पायांनी तुडवली, चाकावर चढवली आणि थापटून थापटून माझं पोट वाढवलं. भट्टीत मी असा काही भाजला गेलो की बस्स! पण बाहेर आलो तेव्हा हिरामणनं बोटाचं पेर वाजवून पाहिलं आणि मी खणखणीत वाजलो. "हा टिकंल बरं का," तो बायकोला म्हणाला. टिकलो खरा. टिकून काय काय बघावं लागणार आहे, ते त्या बिचाऱ्याला कुठं ठाऊक होतं?

मला विकत घेतलं पास्कल मास्तरांनी. पेणजवळ महामार्गालगत तेव्हा मिशनची शाळा नुकतीच उभी राहिली होती, आणि मास्तर तिथले ट्रस्टी होते. बैलगाडीत पेंढ्यावर बसून मी शाळेत आलो. फादरांच्या ऑफिसाशेजारी ट्रस्टींच्या बैठकीची खोली होती. तिच्या दाराबाहेर, व्हरांड्यात, तिवईवर मला बसवलं. दार कायम उघडं असायचं, त्यामुळे आतलं सगळं मला दिसायचं आणि ऐकूही यायचं.

ट्रस्टी म्हणजे कोण, हे मला तिथंच कळलं. शाळा चर्चची, पण चालवायची ट्रस्टींनी. मुख्याध्यापक कोण असावा, कुठली खोली कशाला द्यावी, कुठल्या मुलाला ठेवून घ्यावं, सगळं त्या टेबलाशी बसून ठरायचं. आमचे पहिले फादर सिल्वेस्टर मोठे धोरणी. ते म्हणायचे, "शाळा चर्चची, पण पोरं कुणाची? ज्यांची पोरं, त्यांची माणसंही या टेबलाशी बसली पाहिजेत." म्हणून पास्कल मास्तरांच्या बरोबरीनं भातशेतीवाले हैबतराव तिथं बसायचे. पुढं याच शाळेत शिकून नर्स झालेली विमलबाई आली, आणि मिठागरावर काम करणारा रघूही आला.

आता एक गंमत ऐका. फादरांपुढं 'नाही' म्हणायला या माणसांची जीभच रेटायची नाही. बैठक प्रार्थनेनं सुरू व्हायची, भिंतीवर क्रूस, समोर पांढऱ्या झग्यातला देवाचा माणूस. त्याला तोंडावर कसं म्हणायचं, की तुमचं चुकतंय? एकदा फादर म्हणाले, शनिवारी सगळ्याच मुलांना चर्चच्या देवळात बसवू. हैबतरावांना ते काही केल्या पटेना. ते उठले, "घसा कोरडा पडला," म्हणाले आणि माझ्याकडे आले. तांब्या भरला, पण घोट काही घेईनात. नुसते उभे राहिले. थोड्या वेळानं फादरच बाहेर आले. त्यांनी हैबतरावांकडे पाहिलं, भरल्या तांब्याकडे पाहिलं आणि हसले. म्हणाले, "तुमची तहान कळली मला. तो विषय राहू दे."

तेव्हापासून तो रिवाजच पडला. ज्याला पटत नाही त्यानं पाणी प्यायला उठायचं. फादर सिल्वेस्टर रिकाम्या खुर्च्यांकडे बघायचे आणि विषय बाजूला ठेवायचे. कुणाचा शब्द मोडला नाही, कुणाचा मान गेला नाही. माझा तोरा काय विचारता! "हा रांजण पण आमचा ट्रस्टीच आहे," असं फादर पाहुण्यांना सांगायचे. मी आपला पोट फुगवून ऐकायचो.

मला भरायच्या त्या बोर्डिंगच्या मुली. खाडीकाठच्या गावांतून शाळेला रोज येणं शक्यच नव्हतं. बांधावरून तासन् तास चालायचं, आणि पावसात तर वाटच उरत नसे. म्हणून सिस्टर अर्सुलांनी मुलींसाठी बोर्डिंग चालवलं होतं. रघूची लेक सरू त्यातलीच. भारी बडबडी पोर! विहिरीवरून पाणी आणताना पाढे म्हणायची आणि मला भरताना सगळ्या जगाची खबर द्यायची. एकदा घाईत तिची कळशी माझ्या काठावर आपटली आणि हा टवका उडाला. पोरगी रडकुंडीला आली. त्या जागेवर हात फिरवून म्हणाली, "लागलं का रे?" सांगा बरं, अशा पोरीवर कोण रागावेल? तिला नर्स व्हायचं होतं, विमलबाईंसारखं. आणि व्हायचीही होती ती.

पुढं फादर सिल्वेस्टर थकले, त्यांना म्हाताऱ्या फादरांच्या घरी धाडलं. जाताना त्यांनी मला थोपटलं. पण नव्या फादरांना पाण्याचा रिवाज काही सांगितला नाही. त्यांनी नाही, कुणीच नाही. अहो, जे सगळ्यांना माहीत असतं ते कोण कुणाला सांगत बसतो?

नवे फादर नॉर्बर्ट मुंबईहून आले. वाईट माणूस नव्हता हो, उलट मनाचा निर्मळ. वेळेचा पक्का, बोलणं सरळ. ज्याला काही म्हणायचं असेल तो तोंडानं म्हणेल, अशी त्यांची समजूत. पहिलं वर्ष किरकोळ विषयांत निघून गेलं, कुणाला तहान लागायची वेळच आली नाही.

मग एप्रिलमधली ती बैठक आली. त्या सकाळी सरूनंच मला काठोकाठ भरलं होतं. नववीची परीक्षा झाली होती, आता दहावी. "बापूस येणार हाय आज मीटिंगला," ती मला म्हणाली. तिचा आनंद काही पोटात मावत नव्हता.

फादरांनी विषय मांडला. सिस्टर अर्सुलांना त्यांच्या मठानं परत बोलावलं होतं आणि त्यांच्या जागी पाठवायला दुसरी सिस्टर नव्हती. तेव्हा बोर्डिंग बंद करावं आणि त्या खोल्यांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग काढावेत. "तुम्ही सगळ्यांनी विचार करून सांगा," फादर म्हणाले.

मग रघूची खुर्ची सरकली. तो बाहेर आला, मीठ लागून भेगाळलेल्या हातानं त्यानं तांब्या भरला आणि तसाच उभा राहिला. त्याच्या मागोमाग हैबतराव आले. मग विमलबाई. शेवटी पास्कल मास्तर काठी टेकत आले. चौघं माझ्याभोवती जमले आणि एकमेकांची तोंडं बघत राहिले.

"मना नाय पटला," रघू हळू आवाजात म्हणाला. "माजी पोर कुठं राहील?"

"मला तरी कुठं पटलंय?" हैबतराव म्हणाले. "पर घाबरू नको. सगळी उठलोत. फादरांना समजंल."

"एखादी बाई मिळेल की देखरेखीला," विमलबाई म्हणाली. "मी स्वतः येऊन राहीन रात्रीची."

"हे आत सांगायला हवं होतं गो तू," पास्कल मास्तर पुटपुटले.

"तुम्ही का नाही बोललात, मास्तर?"

मास्तरांनी तांब्याकडे हात केला. तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिला.

आणि आत काय चाललं होतं ते मी बघत होतो. फादरांनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. "ऊन फार आहे," ते टेबलाशी बसलेल्या सिस्टरना म्हणाले, "तहानलेत बिचारे." सिस्टर अर्सुलांना सगळं कळत होतं. त्यांचे ओठ हलले. पण हुकूम त्यांच्याच मठाचा होता, आणि आज्ञा पाळण्याचं व्रत त्यांनी घेतलं होतं. त्यांनी मान खाली घातली. मला ओरडावंसं वाटत होतं हो! अरे माणसा, ही तहान नव्हे! पण रांजणाला तोंड असतं ते नुसतं पाणी घ्यायला.

"कुणाचा विरोध नाही," फादर म्हणाले, "म्हणजे सर्वानुमते ठरलं." आणि त्यांनी शेवटच्या प्रार्थनेची घंटी वाजवली.

घंटी ऐकून चौघं लगबगीनं आत गेले आणि हात जोडून उभे राहिले. प्रार्थना सुरू असताना मध्ये कोण बोलणार? ती संपली तेव्हा रघू पुढं सरकला. "फादर..." हैबतरावांनी त्याचा हात दाबला. "प्रार्थना झाली रे आता," ते कुजबुजले, "तिच्यावर कसं बोलायचं?"

"रघू, काही म्हणायचंय?" फादरांनी अगदी आपुलकीनं विचारलं.

"नाय फादर," तो म्हणाला. "पानी गार हाय तुमच्याकडं."

मित्रांनो, इतकी वर्षं माझ्या पाण्याची स्तुती झाली. ती एक स्तुती मात्र मला अजून टोचते.

मे महिन्यात मुलींच्या पेट्या व्हरांड्यात आल्या. सरू माझ्याजवळ आली, पण त्या दिवशी बडबडली नाही. टवक्यावर बोट फिरवून निघून गेली. शाळा पुन्हा उघडली तेव्हा खाडीकाठची एकही मुलगी आली नाही. मग विमलबाईला राहवलं नाही, तिनं फादरांना सगळं सांगितलं. फादर नॉर्बर्ट माझ्यासमोर पायरीवर डोकं धरून बसले. "मी विचारलं होतं ना," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मग कुणी बोललं का नाही?" पण तोवर सिस्टर गेल्या होत्या, खाटा गेल्या होत्या, खोल्यांत नवे वर्ग भरले होते. सरू बापाबरोबर मिठागरावर जायला लागली. दहावीला बसायचं राहिलंच. पुढल्या वर्षी तिचं खांब गावाकडं लग्न झालं, हे रघूनंच सांगितलं. त्यानंतर तो बैठकीला आला नाही.

माझीही सद्दी संपली. व्हरांड्यात पाणी गार करायचं यंत्र आलं आणि मी कुंपणाशी जाऊन पडलो. कुत्रीसुद्धा फिरकेनात. शेवटी पेणचा शिवाशेठ मला टेम्पोत घालून या कारखान्यात घेऊन आला.

आणि इथं एके दिवशी रोजंदारीवर एक बाई आली. वाळलेल्या मूर्ती पॉलिश पेपरनं घासायचं काम. केस अर्धे पांढरे, हात बापासारखे भेगाळलेले. पाणी घ्यायला वाकली आणि तिचं बोट थेट टवक्यावर गेलं. "तू इकडं कसा रे?" ती म्हणाली. माझ्या सरूला मी ओळखणार नाही का?

यंदा सणाच्या तोंडावर कामाची झुंबड उडाली. शिवाशेठ सगळ्यांसमोर म्हणाला, "सरूबाय, उद्यापासून तुझ्या पोरीला, शांतीला पण आण कामाला. दहावी बिहावी करून काय करायचंय तिला?"

सरूच्या हातातला कागद थांबला. ती उठली आणि माझ्याकडे चालत आली. नको गो बाय, मी मनात म्हटलं, इकडं नको येऊस! तिनं तांब्या बुडवला, तोंडाशी नेला आणि तसाच धरून उभी राहिली. अगदी रघू उभा राहिला होता तशी.

"मग ठरलं ना?" आतून शेठनं विचारलं.

सरूनं घोटही न घेता तांब्या माझ्यात उलटा केला. पुन्हा आत गेली, आपल्या जागेवर बसली. "नाय शेठ," ती म्हणाली. "ठरलं नाय. माजी पोर शाळंत जाईल."

"मग तूपण येऊ नकोस उद्यापासून."

"नाय येत."

ती खरंच आली नाही. भर हंगामात तिचं काम गेलं. घर कसं चालतंय, शांती परीक्षेला बसणार की नाही, मला काही कळत नाही. मूर्ती घासायला दुसरी कुणी आलीय, ती माझ्या टवक्याकडे बघतसुद्धा नाही.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी ना कुणी मोठेपणी एखाद्या टेबलाशी बसेल. शाळेचं असेल, गावाचं असेल. तिथली खुर्ची तुमची नसते. कुठल्यातरी सरूसाठी ती तुमच्याकडे ठेवायला दिलेली असते. रांजणाची निगा राखा असं मी मागत नाही, माझे किती दिवस उरलेत! तहान लागली तर जरूर या, पोटभर पाणी प्या. पण जे बोलायचं ते आत बोलून या.