साडेपाचच्या आधी जन्मलेली

पहिल्या दोन टेस्ट हिरव्या झाल्या, तिसरी लाल. अन् तिसरी म्हणजे महानंदा.

२०११चा जून. लातूरच्या एका क्लासची वेबसाइट मी आणि हुमा मिळून बनवत होतो. त्र्याण्णवच्या भूकंपात घरं पडलेल्या गावांतल्या मुलांना तिथं मोफत जागा होत्या. फॉर्मावरची जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळली तरच नाव यादीत. ही जुळवणी करणारी मेथड, म्हणजे कोडचा तुकडा, मी विद्यार्थ्यांची माहिती ठेवणाऱ्या मॉडेलमध्ये लिहिली होती. ती नीट चालते का हे तपासणाऱ्या टेस्ट हुमाच्या; पास झाली की हिरवी, नापास की लाल. संचालक सरांना पत्रिकांचा भारी नाद, म्हणून फॉर्मात जन्मवेळही विचारलेली.

पक्की यादी त्या दिवशी दुपारी बाराला लागणार होती. महानंदाचं नाव कच्च्या यादीतून गळालं म्हणून तिचे वडील केरबा तिला घेऊन औशाहून पहिल्या एसटीनं आले होते. हुमानं तिचाच फॉर्म टेस्टमध्ये घातला. तीस सप्टेंबर १९९३, पहाटे तीन. दाखल्यावरही तीस. तरी मेथड म्हणे, जुळत नाही!

हुमानं वेळ बदलून सकाळचे आठ केले. हिरवी.

"झालं की!" मी म्हणालो. "केरबामामा, फॉर्मात आठच लिहू. कोण विचारतंय?"

"न्हाई, साहेब." केरबा उठूनच उभे राहिले. "तीनला झाली ही. आतल्या खोलीत लई उकडत होतं म्हणून बाळंतिणीला अंगणातल्या छपरात आणलेलं. समदे तिथंच, लेकराचं तोंड बघत बसलो होतो. तासाभरात भूकंप झाला अन् घर बसलं. आठला जन्मली असती तर आम्ही जगलोच नसतो. आठ कसं लिहू?"

माझी मान खाली गेली. महानंदा दप्तराचा बंद पिळत होती.

"सिद्धलिंगभाऊ, खोटं लिहून टेस्ट पास करायची होती तर मला कशाला बसवलं?" हुमा म्हणाली आणि पुन्हा कीबोर्डवर वाकली. पाच वाजता, लाल. सहा वाजता, हिरवी.

मी खुर्चीतून उडालोच. "सूर्योदय! परवा शिवकीर्तनात महाराजांनी मृदंग थांबवून सांगितलं, आपला दिवस रात्री बाराला नाही, सूर्य उगवला की बदलतो. आपला कोडही तसंच धरतोय!"

"तुमचा कोड लई धार्मिक हाय," हुमा हसली. "पण सप्टेंबरात सूर्य सव्वासहाला उगवतो, भाऊ. फजरच्या नमाजाला उठते मी, मला विचारा." तिनं पाच एकोणतीस घातले. लाल. साडेपाच. हिरवी!

साडेपाच. बरोब्बर साडेपाच. लातुरात साडेपाचला काय बदलतं?

"इथं काही नाही बदलत," मी हळूच म्हणालो. "पण कुठंतरी तेव्हा रात्रीचे बारा वाजत असतील."

"लंडन!" हुमा ओरडली. "सर्व्हर बाराही महिने तिकडची हिवाळ्यातली प्रमाणवेळ ठेवतो. आपण साडेपाच तास पुढं!"

म्हणजे महाराज बरोबरच होते. दिवस कुठून मोजायचा ते आधी ठरवावं लागतं. मी मात्र लातूरच्या लेकराचा दिवस लंडनच्या घड्याळानं मोजला होता. तारीख काढण्याआधी वेळ आपल्याकडची करून घ्यायची, एवढी एकच ओळ. मी ती लिहिली. हुमानं टेस्ट चालवल्या.

हिरवी. हिरवी. हिरवी!

"हर हर महादेव!" माझ्या तोंडून कीर्तनातल्यासारखंच निघालं. सगळे फॉर्म पुन्हा तपासले, तर महानंदाबरोबर आणखी अकरा नावं वर आली. सगळी पहाटेची लेकरं! बारा गुणिले आनंद कसा सांगू? मी एकेक नाव मोठ्यानं वाचत होतो आणि केरबा प्रत्येक नावाला हात जोडत होते.

पावणेबाराला संचालक सर आले. यादीवरून बोट फिरवत महानंदाशी थांबले.

"तीस सप्टेंबर, पहाटे तीन?" त्यांनी भुवया वर केल्या. "अरे बापरे. हिची पत्रिका बघावी लागेल."

"बघा की," केरबा म्हणाले. "हिच्यापायी घरातली सात माणसं जगली. तेवढं पत्रिकेत सापडतंय का बघा."

सरांनी बोट उचललं. "लावा यादी," ते म्हणाले.