दुसरा हात

उस्तादला रोज सकाळी सदरा घालायला बायको लागत असे. दार लोटून घेऊन ती आधी डावी बाही त्याच्या हातात सरकवायची, मग हळूच मागून खांद्यावर चढवायची. तो दातावर दात दाबून उभा राहायचा. डावा खांदा आखडला होता. कमरेच्या उंचीपर्यंत हात निमूट काम करायचा, पण छातीपर्यंत उचलायचा म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. ही गोष्ट जगात फक्त दोघांना ठाऊक होती आणि ती दोघांतच राहावी, अशी उस्तादची सक्त ताकीद होती.

कारण उस्ताद शाळेची बस चालवत असे. खांद्याचं कळलं तर डॉक्टर विश्रांती लिहून देणार, आणि शाळेचे वाहतूक प्रमुख किल्ली काढून घेणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बस चालवण्यात त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता, हेही खरं. उभ्या हयातीत त्याच्या गाडीला साधा ओरखडा गेला नव्हता. इतर ड्रायव्हरांनीच त्याला उस्ताद हे नाव दिलं होतं. आता तुम्ही-आम्ही रस्त्यावर बघतोच की, स्टिअरिंग धरण्याच्या माणसांच्या काय काय तऱ्हा असतात! कोणी खिडकीवर कोपर टेकवून घरच्या सोफ्यावर बसल्यासारखा बसतो. कोणी तळहाताने ताट पुसल्यासारखं चाक फिरवतो. कोणाला एक बोट पुरतं, आणि मोबाइल हातात असला की काहींचा गुडघासुद्धा कामाला येतो. उस्ताद यांतला नव्हता. जुन्या, जड स्टिअरिंगच्या बसवर त्याचं आयुष्य गेलं होतं. घड्याळात नऊ आणि तीन जिथे असतात, तिथे दोन हात घट्ट, अशी त्याची बैठक होती.

मग दोन गोष्टी एकदमच झाल्या. शाळेने हलक्या स्टिअरिंगच्या नव्या बस घेतल्या आणि त्याचा खांदा आखडला. डावा हात गिअरवर ठेवला की दुखत नसे, म्हणून तो तिथेच ठेवून उस्ताद उजव्या हाताने बस हाकू लागला. एका ड्रायव्हरने पाहिलं आणि विचारलं, "काय उस्ताद, आज एका हाताने?"

त्या क्षणी 'खांदा दुखतोय रे' एवढंच म्हणायचं होतं. उस्ताद म्हणाला, "मुरलेल्या माणसाला एक हात पुरतो!"

सगळे हसले. आणि तेवढ्या एका वाक्याने घात केला. पाहता पाहता ते साऱ्या आवारात पसरलं. तरुण ड्रायव्हर एका हाताने बस वळवू लागले. दोन हात लावणाऱ्याला "शिकाऊ दिसतोय" म्हणून चिडवू लागले. उस्ताद आयुष्यभर असाच चालवत आला, असंही हळूहळू लोक सांगू लागले. उस्तादने ते ऐकलं. खोडून काढलं नाही. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडलंही होतं.

त्याच्या धाकट्या बहिणीचा मुलगा पार्सलची व्हॅन चालवायचा. मामावर त्याचा भारी जीव. चालण्या-बोलण्यात मामा, केसांच्या भांगातसुद्धा मामा! त्याने मामाची ही ऐट उचलली नसती तरच नवल. त्याने तर तिच्यावर कडी केली. मनगट चाकाच्या वर आडवं टाकायचं आणि बोटं मोकळी सोडायची, अशी त्याची तऱ्हा होती. एकदा उस्ताद त्याच्या शेजारी बसला होता, तेव्हा त्याने ते डोळ्यांनी पाहिलं. "नीट धर रे," एवढं तो म्हणाला. भाचा हसून म्हणाला, "मामा, तू मला सांगतोस?" उस्ताद खिडकीबाहेर बघू लागला.

त्याच आठवड्यात वाहतूक प्रमुखांनी उस्तादला बोलावून घेतलं. शाळेने नवे ड्रायव्हर घेतले होते. "उद्यापासून त्यांना तुम्ही तयार करा. तुमच्यासारखे झाले की मी सुटलो," प्रमुख म्हणाले. उस्ताद फुलून गेला. मुलांना घरी सोडून तो बस धूत होता, तेवढ्यात बहिणीचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं.

भाच्याच्या व्हॅनचं पुढचं चाक खड्ड्यात आदळलं होतं. स्टिअरिंगला हिसका बसला आणि वर टेकवलेलं मनगट निसटून चाकाच्या मधोमध आडवं पडलं. सावरायला दुसरा हात चाकापाशी पोचेपर्यंत व्हॅन बसथांब्यावर चढून खांबावर आदळली. थांब्यावर उभी असलेली बाई नशिबाने बाजूला उडी मारून वाचली. तिची पिशवी व्हॅनखाली गेली.

उस्ताद दवाखान्यात पोचला तेव्हा भाच्याच्या उजव्या हाताला खांद्यापासून बोटांपर्यंत पट्ट्या होत्या आणि चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. डॉक्टर बहिणीला समजावत होते, "चाकातली एअरबॅग उघडते ती फार जोरात. हात चाकावर आडवा होता, तो तिने तसाच तोंडावर फेकला. हाड दोन ठिकाणी मोडलंय. बोटांच्या नसांना धक्का आहे. पकड पूर्वीसारखी येईल का, आज सांगता येत नाही."

भाच्याच्या कंपनीचा अधिकारी पलंगापाशी बसला होता. त्याने विचारलं, "एकाच हाताने चालवत होतास?"

"हो," भाचा सुजलेल्या ओठांनी म्हणाला. "पण त्यात काय? माझा मामा आयुष्यभर तसंच चालवतो. गाडीला ओरखडा नाही त्याच्या. विचारा हवं तर, हा काय इथेच उभा आहे."

एवढ्या दुखण्यातही पोराच्या आवाजात अभिमान होता! अधिकाऱ्याने वळून पाहिलं. बहिणीनेही पाहिलं. उस्तादला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. "मी आलोच," असं काहीतरी पुटपुटून तो बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने इस्त्री केलेला सदरा खुर्चीवर ठेवला आणि ती हाताची घडी घालून उभी राहिली.

"अगं, उशीर होतोय. नवी माणसं येणार आहेत शिकायला."

"काय शिकवणार त्यांना?"

उस्तादने सदऱ्याकडे हात केला.

"मी नाही घालून देणार सदरा," बायको म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण डोळे रडून लाल झाले होते. "रोज मी हा हात बाहीत घालून देते आणि तुम्ही त्याच हाताच्या भरवशावर लोकांची लेकरं घेऊन जाता. चाक फुटलं, कोणी मध्ये आलं, तर काय कराल? उचलाल हा हात?"

"आजवर काही झालंय का?"

"अहो, झालं नाही ते दोन हातांमुळे! उभं आयुष्य दोन हातांनी चालवलंत म्हणून ओरखडा नाही. आणि श्रेय दिलंत कोणाला, तर या आखडलेल्या खांद्याला! लोकांना तुमचं दुखणं ऐट वाटलं आणि तुम्ही वाटू दिलंत. तुमच्या बहिणीचं पोर त्यापायी पडलंय तिथे. यात माझाही वाटा आहे, मीही तोंड शिवून बसले. पण आता नाही."

"नोकरी जाईल गं."

"जाईल कदाचित. मला काय भीती वाटत नाही? पण त्या बसमधलं एखादं पोर गेलं तर कोणत्या तोंडाने जगायचं, ते सांगा."

उस्तादने स्वतःच सदरा घालायचा प्रयत्न केला. उजवी बाही चढली. डावीशी झटापट करता करता त्याला घाम फुटला आणि तो खाली बसला. लोंबणारी बाही तिच्यापुढे धरून म्हणाला, "घाल. सांगतो सगळ्यांना." मग तिने पुढे होऊन बाही सरकवली.

आवारात नवे ड्रायव्हर बसपाशी थांबले होते. जुनेही गंमत बघायला जमले होते. वाहतूक प्रमुख कौतुकाने उभे होते. उस्तादने एका नव्याला सीटवर बसवलं. त्याने ऐटीत एक हात चाकावर टाकला.

"दुसरा हात कुठे आहे?" उस्तादने विचारलं.

"मुरलेल्या माणसाला एकच पुरतो, उस्ताद! तुमचंच वाक्य आहे," तो म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

उस्ताद हसला नाही. सगळ्यांसमोर उभा राहून त्याने डावा हात उचलायला सुरुवात केली. हात छातीपाशी आला आणि तिथेच अडला. त्याचा चेहरा पिळवटून गेला. हसणं बंद झालं.

"याच्या वर जात नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. ती ऐट नव्हती रे, दुखणं होतं! मी खोटं बोललो. आधीची सगळी वर्षं मी दोन्ही हातांनी चालवली, म्हणून हे नाव मिळालं. काल माझा भाचा माझं बघून, एका हाताने चालवून, हात मोडून घेऊन बसलाय. पुढचे तुम्ही होऊ नका!"

वाहतूक प्रमुखांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "आणि एवढी मुलं रोज तुमच्या बसमध्ये बसवली आम्ही!" ते एवढंच म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. उस्तादने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. बहिणीसमोरच त्याने भाच्याला सगळं सांगितलं, खांद्यापासून किल्लीपर्यंत. बहीण खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"म्हणजे तू दोन हातांनीच चालवायचास?" भाच्याने विचारलं.

"हो रे."

भाचा पट्ट्यांतून बाहेर डोकावणाऱ्या आपल्या बोटांकडे बघत होता. ती हलत नव्हती.

"मग त्या दिवशी माझ्या शेजारी बसला होतास, तेव्हा का नाही सांगितलंस, मामा?"

उस्ताद पलंगाच्या कडेवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

पुढे डॉक्टर, शेक, व्यायाम यांनी उस्तादचा खांदा सुटला. आधीच गेला असता तर केव्हाच सुटला असता! शाळेने नीट परीक्षा घेऊन त्याला पुन्हा कामावर घेतलं. भाच्याची तीन बोटं वळू लागली, दोन अजून वळत नाहीत.

मंडळी, आपल्याला वाटतं की स्टिअरिंग कसं धरायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. तो तसा नाही. थांब्यावर कोणी उभं असतं, मागच्या सीटवर कोणाचं तरी मूल असतं, आणि शेजारी बसलेलं आपलं माणूस आपल्या हातांकडे बघून शिकत असतं. दोन्ही हात चाकावर ठेवायला कमीपणा कसला? आणि हात उचलवत नसेल, डोळ्यांना दिसत नसेल, झोप अनावर झाली असेल, तर तसं सांगून गाडीतून खाली उतरायलाही कमीपणा नाही. सांगताना मान खाली जाईल, जाऊ द्या. न सांगितल्याची शिक्षा दुसऱ्याच कोणाला तरी भोगावी लागते.