खुर्ची सोडून बाकी सगळं

जाहिरात, पहिला खर्डा. ६९ सालची नोव्हा गाडी. पाव मैलाच्या शर्यतीसाठी बांधायला घेतली, अर्धी राहिली. चालकाभोवतीचा लोखंडी पिंजरा वेल्ड झालाय. इंजिन नाही. खुर्ची आहे.

दुसरा. खुर्ची आहे, पण विकायची नाही.

तिसरा. वरचंच. कारण विचारू नये.

जाहिरात वाचून व्हर्जिल फोर्ट वेनहून ट्रेलर घेऊन आला आणि त्याने आधी कारणच विचारलं.

"माझ्या मुलाच्या मापाची ओतलीय," मी म्हणालो.

शर्यतवाल्याला एवढं पुरतं. अ‍ॅल्युमिनियमच्या खुर्चीत कचऱ्याची पिशवी पसरायची, तिच्यात फोम ओतायचा, वर चालकाने वीस मिनिटं न हलता बसायचं. फोम फुगून घट्ट होतो, अंगाचा ठसा राहतो. डेल मार्चमध्ये बसला. त्याला हसू आवरेना, म्हणून डाव्या बरगडीपाशी ठसा फिसकटलाय. एप्रिलमध्ये कामावरून येताना हायवेवर तो गेला.

नऊ वर्षं. रोज सकाळी गॅरेजात फोम करकरतो. कुणी बसल्या जागी अंग सावरावं तसा.

म्हणून गाडी काढायची होती. डेलला नाही.

"मग खुर्ची आधीच काढून का नाही ठेवलीत, हार्लन?"

"चार बोल्ट आहेत. वरून एकाने डोकं धरायचं, खालून दुसऱ्याने नट फिरवायचा. खाली तो जायचा."

"सरका. माझं पोट मावतंय का बघू."

मावलं. शिव्या देत मावलं.

पहिला निघाला. दुसरा. तिसरा गंजला होता.

खालून आवाज आला, "घट्ट धरा, पप्पा."

माझा पाना घसरला. "काय म्हणालास?"

"घट्ट धरा म्हणालो. कान गेले का?"

चौथा निघाला. चारही बोल्ट माझ्या तळहातावर. फोमसकट ती खुर्ची सात किलोची असेल. मी ओढली. हलली नाही. व्हर्जिल बाहेर आला, दुसऱ्या बाजूने त्याने हात घातला. दोघांनी ओढली. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या.

"कुठे अडकलीय?"

"कुठेच नाही."

त्याने हात काढला, पँटला पुसला. माझ्याकडे बघणं टाळलं.

फोम करकरला. डाव्या बरगडीपाशी.

नऊ वर्षं मी समजत होतो, डेलला घरी राहायचंय.

"व्हर्जिल, ही गाडी पळवशील ना? नुसती झाकून नाही ना ठेवणार?"

"जूनपर्यंत इंजिन बसवतो."

"मग जा खाली. बोल्ट परत लावू. मी वरून धरतो."