बोक्याच्या नावावर

बोका तिनं घरात आणला तो अप्पांसाठी. अप्पा म्हणजे तिचे सासरे. सासूबाई गेल्यापासून त्यांनी बोलणंच टाकलं होतं. सकाळी पेपर, दुपारी डुलकी, संध्याकाळी खिडकी, एवढाच त्यांचा दिवस. ती कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होती. तिथल्या मागच्या अंगणात मांजर व्यालं, त्यातलं एक तपकिरी पिल्लू तिनं डब्याच्या पिशवीत घालून आणलं आणि अप्पांच्या मांडीवर ठेवलं.

अप्पांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "तोरा बघ याचा! जसं काही आपणच याच्या घरात राहतोय." तेव्हापासून त्याचं नाव सरकार.

आठ महिने सुखात गेले. नवव्या महिन्यात सरकारनं तिच्या नवऱ्याच्या बुटात मुतून ठेवलं आणि ते नवऱ्याला दोन जिने उतरल्यावर कळलं. मग पायपुसणं झालं, धुवायच्या कपड्यांचा ढीग झाला आणि एके दिवशी हॉलमधला नवा सोफा. नवरा फर्निचरच्या दुकानात विक्रेता होता. हा राखाडी सोफा दुकानात आला त्या दिवसापासून त्याच्या मनात भरलेला. गिऱ्हाइकाला सोफ्याचे गुण सांगताना तो मनात म्हणायचा, नको घेऊस रे बाबा. वर्षभर कुणी घेतला नाही, तेव्हा कुठे तो घरी आला. आता त्यावरून हात फिरवावा तर हात ओला.

"घरात एक तर हा बोका राहील नाहीतर मी," तो म्हणाला.

"तूच राहा," अप्पा पेपराआडून म्हणाले. "तुझी वाळू तरी बदलावी लागत नाही."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सरकारचं पोट चाचपलं, लघवी तपासली. दुखणं काही निघालं नाही. त्यांनी विचारलं, "याचा वाळूचा ट्रे कुठे ठेवता?"

"बाथरूममध्ये. वॉशिंग मशीनच्या शेजारी."

"मग झालं! हा आत बसलेला असताना मशीन गरगरलं असणार. तरुण जनावर, धसका घेतलाय त्यानं. ट्रे शांत जागी हलवा, आणखी एक ठेवा, रोज साफ करा. वासाची वाळू नको. ओरडू नका, मारू तर मुळीच नका. आणि डाग साध्या साबणानं धुऊ नका. वास मुळापासून काढणारं औषध देते, ते वापरा. नाहीतर त्याला वाटेल, ही आपलीच जागा."

तिनं सगळं तंतोतंत केलं. एक ट्रे अप्पांच्या खोलीत कपाटामागे ठेवला, दुसरा बाल्कनीच्या दाराशी. तीन आठवडे घर कोरडं ठाक राहिलं. आणि मग सोफा पुन्हा ओला झाला. चार दिवसांनी परत.

तिचं जगणं त्या सोफ्याभोवती फिरू लागलं. लॅबमधल्या द्रावणाच्या उग्र वासानं संध्याकाळपर्यंत तिचं नाक बधिर होऊन जाई, त्यामुळे वासावर तिचा भरवसा नव्हता. घरी आली की चपला काढायच्या आधी ती गुडघ्यांवर बसून तळहातानं गाद्या चाचपायची. ओलं लागलं की बाटली, फडकं, पंखा. नवरा यायच्या आत हे सगळं उरकायचं. तो दारातच थांबून नाक वर करायचा, आणि तेवढ्या वेळात तिचा जीव टांगणीला लागायचा. लॅबमध्येही डोक्यात तेच. एकदा मेणात दात बसवताना तिच्या हातून भलतंच झालं. मालकीणबाईंनी साचा उचलून पाहिला. "या आजोबांना एकाच बाजूला दोन सुळे देणार आहेस का?"

शेवटी नवऱ्यानं निकाल दिला. "शनिवारी मी याला आमच्या गोदामात सोडतो. मोकळी जागा आहे, उंदीर आहेत. मजेत राहील."

"तिथे कुत्री आहेत, तूच सांगितलं होतंस."

"मग काय करू? गिऱ्हाईक परवा माझ्यापासून एक पाऊल मागे सरकलं. मला कळतं, का सरकलं ते."

अप्पा सरकारच्या मानेखाली खाजवत राहिले, एक शब्दही बोलले नाहीत. तिला नवल वाटलं. एरवी ते सरकारसाठी भांडले असते.

गुरुवारी तिनं अर्धी रजा टाकली. सकाळी अप्पा आंघोळीला गेलेले असताना सरकारला जाळीच्या टोपलीत घातलं आणि पुन्हा एकदा सगळ्या तपासण्या करायला दवाखान्यात ठेवून ती कामावर गेली. दुपारी दोनला त्याला घ्यायला गेली, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठणठणीत आहे. ट्रेमध्ये शहाण्यासारखा गेला. घरीही जात असेल, तर मला काही सुचत नाही."

टोपली घेऊन ती घरी आली, किल्लीनं दार उघडलं. बाथरूममध्ये नळ सोडलेला होता. सोफ्याची मधली गादी उभी करून पंख्याखाली ठेवलेली, आणि तिच्यावर ताटाएवढा ओला डाग.

नळ बंद झाला. अप्पा बाहेर आले. कमरेला टॉवेल, हातात पिळलेला पायजमा. तिला पाहून ते दचकले, पण लगेच सावरले.

"बघ, तुझ्या सरकारनं परत दिवे लावले," ते म्हणाले. "मी म्हटलं, तू यायच्या आत जरा वाळवावं. पायजम्यालाही लागलं माझ्या."

त्याच क्षणी टोपलीत सरकार ओरडला.

अप्पांची नजर तिच्या हाताकडे गेली. नळ एक-दोन थेंब गळला. तिला वाटलं, आपण अर्धा तास उशिरा का नाही आलो. जिन्यात कुणाशी बोलत का नाही थांबलो.

"हो अप्पा," ती म्हणाली, "मी धुते. तुम्ही पडा जरा."

त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं, कडीसकट.

ती गादी घासत बसली. नवऱ्याला सांगावं, तर म्हाताऱ्याची अब्रू जाते. न सांगावं, तर शनिवारी बोका जातो. आणि बोका गेल्यावर पुढच्या आठवड्यात गादी ओली झाली की मग? तेव्हा कुणाचं नाव घेणार? पाऊल टाकायला जागाच नव्हती. रात्री जेवताना नवऱ्यानं विचारलं, "आज काही?" ती म्हणाली, "नाही." अप्पांनी मान खाली घालून जेवण संपवलं.

शुक्रवारी सकाळी नवरा गेल्यावर तिनं अप्पांसमोर चहा ठेवला आणि धीर करून म्हणाली, "मी दवाखान्यात वेळ घेतलीये. तुमच्यासाठी."

"मला काय धाड भरलीये?"

"काही नसेल. पण औषध असतं यावर. बऱ्याच जणांना होतं या वयात."

अप्पांनी कप सरकवला. चहा बशीत सांडला. त्यांनी सांडलेला चहा बोटानं पुसला. मग म्हणाले, "मी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. माणसं अडकायची. दोन-दोन, तीन-तीन तास. दार उघडलं की कधी कधी आतलं माणूस ओलं झालेलं असायचं. चांगली कोटबिट घातलेली माणसं. बाहेर सगळी गर्दी. मी दार वीतभरच उघडायचो आणि आधी माझा डगला आत टाकायचो. म्हणायचो, ग्रीस लागेल, कमरेला गुंडाळा. कुणालाच कधी सांगितलं नाही. तुझ्या सासूलाही नाही."

तिनं कप पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

"आणि आता मी एका मुक्या जनावराच्या नावावर खपवतोय," ते म्हणाले. "लाज वाटते गं. त्या ओल्याची नाही एवढी, याची वाटते."

"मग सांगूया त्याला."

"तू नको सांगूस," अप्पा एकदम म्हणाले. "अजिबात नको."

शनिवारी सकाळी नवऱ्यानं दुकानातून आणलेला पुठ्ठ्याचा खोका हॉलमध्ये ठेवला आणि त्याला सुरीनं भोकं पाडायला सुरुवात केली. सरकार उत्सुकतेनं खोक्याभोवती घिरट्या घालत होता. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बोलायचं नाही असं कबूल करून बसली होती.

"बोका कुठे जाणार नाही," अप्पा खोलीतून बाहेर येत म्हणाले. "सोफा मी ओला केला."

नवरा थांबला. मग चक्क हसला. "अप्पा, त्याच्यासाठी तुम्ही काहीही सांगाल."

"खरं सांगतोय."

"बरं बरं. तुम्हाला भेटायला नेईन मी गोदामात, दर रविवारी."

अप्पांचा चेहरा पाहवेना. एवढ्या कष्टानं तोंडातून काढलेला शब्द तसाच परत फिरला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. काल सांगू नकोस म्हणणारे डोळे आज सांग म्हणत होते.

"खरं आहे," ती म्हणाली. "गुरुवारी बोका सकाळपासून दवाखान्यात होता. तरी गादी ओली होती."

नवऱ्यानं सुरी खाली ठेवली. तो वडिलांकडे बघू शकला नाही, सोफ्याकडे बघू शकला नाही. शेवटी खोक्याकडे बघत म्हणाला, "मला का नाही सांगितलंत?"



सोमवारी तो स्वतः वडिलांना दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दुपारचा चहा बंद केला, दर दोन तासांनी लघवीला जायला सांगितलं. फरक पडला, पण पूर्ण नाही. बोका राहिला. त्याच्यावर आता कुणी ओरडत नव्हतं, उलट नवरा येता-जाता त्याच्या पाठीवर हात फिरवायचा, जरा जास्तच.

मात्र वडिलांशी तो आता मोठ्या आवाजात, तोडून तोडून बोलू लागला, जणू त्यांना ऐकूही येत नाही. दर तासाला विचारायचा, "अप्पा, जाऊन आलात?" अप्पा मुकाट्यानं मान हलवायचे. सरकार आल्यापासून सुरू झालेलं संध्याकाळचं फिरणं त्यांनी बंद केलं. सोफ्यावर बसणंही. खोलीतली लाकडी खुर्ची ओढत आणून ते भिंतीला टेकून बसायचे, आणि समोर सोफ्यावर सरकार हातपाय ताणून झोपलेला असायचा.

एका संध्याकाळी तिनं पाणी न झिरपणारं कापड आणलं आणि सोफ्याच्या तिन्ही गाद्यांवर घालून वर चादर पसरली. मग स्वतः बसून पाहिलं. कापड करकर वाजलं.

"फार आवाज करतं," अप्पा खुर्चीवरून म्हणाले.

"करू दे. बसणाऱ्या प्रत्येकाचा करणार आहे. या इकडे."

अप्पांनी चादरीकडे पाहिलं, मग दाराकडे. मुलाची यायची वेळ झाली होती.

"उद्या बघू," ते म्हणाले आणि खुर्चीवरच बसून राहिले.