आठवड्याची गोळी

दुपारच्या सामसुमीत फडताळातला पेला घसरून फरशीवर पडला, आणि पेपर वाचत बसलेला वीरण्णा अनवाणीच गल्लीत जाऊन उभा राहिला. वरच्या मजल्यावर क्लासची पोरं भाड्यानं राहायची. त्यातलं एक खिडकीतून हसलं. त्याच्या बायकोनं, शिवकांतानं, पेला उचलून ठेवला आणि काही झालंच नाही अशा आवाजात विचारलं, "चहा टाकू?"

भूकंपात गाव गेलं तेव्हा तो पंधराचा होता. दीड दिवस ढिगाऱ्याखाली होता. शेजारी अडकलेली धाकटी बहीण दुपारपर्यंत बोलत होती. पुढं दोन वर्षं डोक्याच्या डॉक्टरच्या गोळ्या चालल्या. हे सगळं सासूनं सांगितलेलं. त्यानं स्वतः कधीच नाही.

आता तो बोअरच्या मशीनवर कामाला दोन वर्षांसाठी मोझांबिकला निघाला होता. तिकडं मलेरिया फार, म्हणून कंपनीनं आधी तपासणीला धाडलं होतं. सहा वर्षांच्या लेकीला, शिवानीला, चपला घालता घालता त्यानं बायकोला बजावलं, "जुनं काई काढू नको तितं. तिकडं तरी मला कुनी भूकंपातला म्हननार न्हाई."

दवाखान्यात डॉक्टरांनी मलेरिया होऊ नये म्हणून आठवड्याला एक घ्यायची गोळी पुढं केली. कंपनीची माणसं हीच घेतात म्हणाले. फॉर्म भरताना त्यांनी विचारलं, मनाचा, झोपेचा काही त्रास? पूर्वी औषध?

"न्हाई," वीरण्णा म्हणाला.

बरं झालं, तसा त्रास असेल तर ही चालत नाही. भलती स्वप्नं पडतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, असं म्हणत डॉक्टर सहीला वाकले.

शिवकांताला परमुलखातली एक पत्र्याची खोली दिसली. तिथून तो धावत बाहेर आलेला, आणि चहा विचारायला कुणी नाही.

"व्हता त्रास, साहेब," ती म्हणाली. "दोन वर्सं गोळ्या व्हत्या. अजूनबी नीट झोपत न्हाईत."

वीरण्णा टेबलावरच्या काचेकडं बघत राहिला.

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. रोजची दुसरी गोळी दिली: जेवणावर, भरपूर पाण्यासोबत, उन्हाला जपून, परतल्यावरही महिनाभर. फॉर्मवर मात्र खरं ते लिहावं लागेल म्हणाले. पाठवायचं की नाही, ते कंपनी बघेल.

बाहेर क्लास सुटले होते. सायकलींच्या गर्दीत वीरण्णा चिठ्ठीची बारीक घडी घालत पुढं निघाला. थांबला नाही, पण पावलं हळू केली, मागच्या दोघींना गाठता यावं इतकी.

"आई," शिवानी म्हणाली, "अप्पांनी सांगू नको म्हनलं व्हतं ना? मग तू का सांगितलंस?"