पाण्याच्या बिलाचा हुकूमनामा

नेव्हिलने दार अर्धंच उघडलं आणि वाट अडवून उभा राहिला. ज्या घराची फरशी मी तीस वर्षं पुसली, त्याच्या दारात मला ताटकळत ठेवून विचारलं, "काय काम आहे?"

तीन वर्षांनी मी माझ्या नवऱ्याचं तोंड बघत होते आणि ते मला जराही आवडलं नाही. घटस्फोटाचं दोघांपैकी कुणी नाव काढलं नव्हतं. सुट्टीत फिरायच्या चाकांवरच्या घरासाठी, कॅरव्हॅनसाठी, बारा वर्षं साठवलेले पैसे त्याने मला न विचारता आपल्या भावाला बोट घ्यायला दिले, तेव्हा मी बॅग भरून माझ्या बहिणीकडे, वेंडीकडे, निघून आले होते. तेव्हापासून तिच्या मागच्या खोलीत झोपते. आता वेंडीने घर विकलंय आणि महिनाअखेरीला मला ती खोली सोडायची आहे.

लोकरीच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने मिळत होत्या. मला त्या पसंत होत्या, मालकिणीला मी पसंत होते. भाड्याची घरं देणाऱ्या एजन्सीतल्या माणसाने संगणकात माझं नाव घातलं आणि मान हलवली. माझ्या नावावर कोर्टाचा हुकूमनामा होता म्हणे. पाण्याचं थकलेलं बिल, अकराशे चौऱ्याऐंशी पौंड. फेडले नाहीत तर नाव सहा वर्षं कर्ज थकवणाऱ्यांच्या रजिस्टरवर राहतं, आणि अशा बाईला कुणी घर देत नाही. मी माशांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. एवढी रक्कम एका वेळी मी आयुष्यात हातात धरलेली नाही.

आमच्या ग्रिम्स्बी गावात पाण्याचं बिल सगळ्यात शेवटी भरतात. वीज तोडतील, गॅस तोडतील, पण घराचं पाणी कायद्याने तोडता येत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. नेव्हिलने शेवटीसुद्धा भरलं नव्हतं. आणि खातं माझ्या नावावर, कारण त्या घरातलं प्रत्येक खातं माझ्याच नावावर असायचं. त्याच्यावर सोपवलं असतं तर आम्ही अंधारात बसलो असतो. कंपनीने माझ्यावर दावा लावला, कागद त्या घरी गेले, उत्तर कुणी दिलं नाही, आणि कोर्टाने मला न बघताच निकाल दिला.

"माझी पत्रं दे," मी म्हणाले.

तो आत गेला आणि दुकानाची एक पिशवी घेऊन आला. पाकिटं एकही न उघडलेली, तारखेप्रमाणे नीट लावलेली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. लावायला वेळ होता मेल्याला.

"कोर्टाचा शिक्का दिसत नव्हता तुला?"

"दुसऱ्याचं पत्र उघडणं गुन्हा आहे."

"उघडू नको ना! 'इथे राहत नाही' असं पाकिटावर लिहून परत टपालपेटीत टाकायचं. सगळं जग तेच करतं. तुझा हात झडला होता?"

मग मी कामाचं सांगितलं. निकाल रद्द करायचा अर्ज मी केला होता, शुक्रवारी सकाळी सुनावणी होती. मालकिणीने खोल्या त्याच दिवशी एक वाजेपर्यंत राखून ठेवल्या होत्या. मी कधी निघून गेले आणि त्या घरात पाणी कोण वापरत होतं, एवढं त्याने येऊन सांगायला हवं होतं.

"म्हणजे बिल माझं आहे असं कोर्टात जाऊन मीच सांगायचं?"

"तुझंच आहे. आंघोळ करत असशील तर."

त्याने दार लावून घेतलं. तीस वर्षांत त्याने कुठलंच भांडण शेवटपर्यंत नेलं नाही, तेव्हा नवल वाटलं नाही, फक्त थुंकावंसं वाटलं.

शुक्रवारी तो आला. अंत्यविधीला घालायचा काळा सूट चढवून बाकाच्या पार टोकाला बसला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या बाजूने आलाय की माझ्यावर सूड उगवायला, ते मला कळेना. कंपनीकडून एक पोरगी आली होती, पंचविशीची, फाइलला रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेली. तिला आमच्या दोघांचाही वास सहन होत नसावा असं तिचं नाक.

जज बाईंनी आधी नेव्हिलला विचारलं. त्याने मी गेल्याची तारीख सांगितली, वार सांगितला. मी परत आले नाही असं सांगितलं. पाणी तो एकटाच वापरत होता, बिल त्याने भरलं नव्हतं. सगळं खाली बघून, पण न घाबरता. मग त्यांनी पत्रांचं विचारलं. तिला का दिली नाहीत, निदान परत का पाठवली नाहीत?

"परत पाठवायची म्हणजे ती इथे राहत नाही असं लिहायला लागतं," तो म्हणाला. "मला ते लिहायचं नव्हतं."

मला त्याचा भयंकर राग आला. तीन वर्षं. एक बस पकडून वेंडीच्या दाराशी यायचं होतं, ते सोडून हा पाकिटं लावत बसला होता.

मग ती पोरगी माझ्याकडे वळली. मीच अर्जाला जोडलेला एकेक कागद तिने फाइलमधून काढला. बँकेला मी नवा पत्ता कळवला होता, पहिल्याच महिन्यात. डॉक्टरला कळवला होता. कारखान्याला, दातांच्या दवाखान्याला, वाचनालयालासुद्धा.

"मिसेस ब्लँचर्ड, तुम्ही कायमच्या निघून गेला होतात, मग त्या घराचं खातं तीन वर्षं स्वतःच्या नावावर का ठेवलंत? की परत जायचा विचार होता?"

जज बाई लेखणी थांबवून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी सुरुवातीलाच समजावलं होतं. मी कायमची गेले असेन तर बिल माझं नाही. तात्पुरती गेले असेन तर घर माझंही आहे, बिलही माझंच, आणि हुकूमनामा राहील.

वाचनालयाला पत्ता कळवला त्याच दिवशी मी पाणी कंपनीचाही नंबर फिरवला होता. फोनवरच्या बाईने विचारलं, नाव काढून टाकू का? मी फोन ठेवून दिला. हे वेंडीलाही ठाऊक नाही. आठवड्याभरात नेव्हिल मला न्यायला येईल असं मनाशी म्हणाले, मग ख्रिसमसला येईल म्हणाले. माझं नाव त्या घरावर कुठेतरी असावं असं मला वाटत होतं, बस्स.

नेव्हिलने पहिल्यांदाच मान वर केली होती.

"विसरले," मी म्हणाले. "परत जायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. पहिल्या दिवसापासून नव्हतं."

जज बाईंनी लिहून घेतलं. हुकूमनामा रद्द झाला, माझं नाव रजिस्टरवरून निघेल असा कागद मला खिडकीवर मिळाला, आणि त्या पोरीने नेव्हिलचं पूर्ण नाव, जन्मतारीख, सगळं टिपून घेतलं. त्याने एकेका अक्षराची फोड करून सांगितली.

पायऱ्यांवर तो माझ्यासाठी थांबला होता.

"तू कधी काही विसरत नाहीस, ग्लिनिस," तो म्हणाला. "माझ्या आत्याच्या कुत्र्याचा वाढदिवस तुला पाठ आहे. खरं काय होतं?"

मला सांगता आलं असतं. पण कॅरव्हॅन आठवली, तीन ख्रिसमस आठवले, आणि साडेबारा वाजून गेले होते.

"आत सांगितलं तेच," मी म्हणाले.

त्याने मान डोलवली. सूटच्या खिशात हात घालून उभा राहिला. मी रस्ता ओलांडून एजन्सीकडे निघाले, आणि तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवेपर्यंत एकदाही मागे बघितलं नाही.